पिवळ्या साडीवाली अन् पावणेसहाची गाडी

कौसामावशी, तुझा फ्लेक्स मीच छापला.

जिंतूरच्या बसस्टँडमागचं माझं दुकान तू पाहिलेलंच आहेस. वाढदिवस, उद्घाटन, भावपूर्ण श्रद्धांजली, सगळं एकाच मशीनमधून निघतं. त्या सकाळी तुझ्या थोरल्याचा, बबनचा, मेसेज आला. एक फोटो, खाली मजकूर, त्याच्याखाली 'चार बाय सहा, अर्जंट'. फोटो उघडला तर मीच काढलेला. माझी मागची खोली, भिंतींवर टांगलेल्या गोधड्या, तुझ्या डोक्यावर पदर, पदरावर हेडफोन, आणि तू हसतेयस. मजकूर मी नंतर वाचला. कुणी गेल्याचं लोकांना फोनवर कळतं, नाहीतर दारात येऊन कुणी सांगतं. मला ती बातमी ऑर्डर म्हणून आली.

बबननं लिहिलं होतं, 'भाऊ, कानावरचं तेवढं काढा. बरं दिसत न्हाई.' मी काढलं. हेडफोनच्या जागी पदर ओढला. दोन महिने जिनं माझा फोन उचलला नव्हता, तिचा पदर मी माऊसनं सारखा करत बसलो होतो. रडू आलं नाही, खरं सांगतो. भीती वाटली. मी तुझं काहीतरी मोडून ठेवलं होतं, आणि ते मोडलं की नाही हे विचारायला आता तूच राहिली नव्हतीस.

काल तुझी तेरवी झाली. परत येताना येलदरीच्या उतारावर मी मोटारसायकल बाजूला घेतली आणि एकटाच हसत बसलो. शेळ्या घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काय झालं रं?" त्याला काय सांगणार? तेरवीहून येतोय म्हणालो असतो तर त्यानं मला धरून दवाखान्यातच नेलं असतं. त्याला नाही सांगितलं. तुला सांगतो.

तू पहिल्यांदा आलीस तेव्हा मी 'तुम्ही या, तुम्ही बसा' करत होतो. तू म्हणालीस, "तुमी काय तुमी? मी काय तहसीलदार हाय? मावशी म्हन, अन् चहात साखर घाल." मग खोलीत शिरलीस, माइककडं ढुंकूनही पाहिलं नाहीस, सरळ भिंतीपाशी गेलीस. "ही गोधडी कुनी शिवली? टाके लय लांब पडलेत. पाय अडकत्यात अशात." मी म्हणालो, मावशी, ती पांघरायला नाही, आवाज घुमू नये म्हणून लावलीय. तू म्हणालीस, "मग ठीक हाय. आवाजाला काय पाय असत्यात?"

आठ वर्षं मी सिनेमांवर पॉडकास्ट करतो. पाहुणा बोलवायचा, एक सिनेमा घ्यायचा, तासभर त्यावर बोलायचं. पाहुणे बहुतेक पुण्याचे, तेही फोनवर. शेवटी मी कलाकारांच्या अभिनयाला दहापैकी गुण देतो. साडेसातच्या वर मी आजवर कुणाला दिले नाहीत, याचा मला चांगलाच ताठा होता. एकदा बबन दुकानात आला होता, माझं बोलणं ऐकून म्हणाला, "आमच्या आईला बोलवा की. आमच्याकडं पिक्चर म्हटलं की ती." मला वाटलं, गंमत म्हणून एक भाग करू. गंमत म्हणूनच, मावशी. हेही तुला कधी सांगितलं नाही.

तू बोलायला लागलीस आणि माझी प्रश्नांची चिठ्ठी तशीच राहिली. बाजाराच्या दिवशी भाजी विकून झाली की तू टोपली ओळखीच्या दुकानात ठेवायचीस आणि तीनच्या खेळाला बसायचीस. पण पावणेसहाला तुझ्या येलदरीची शेवटची गाडी. पिक्चर सुटायचा सव्वासहाला. म्हणजे शेवटचा अर्धा-पाऊण तास सोडून उठायचं, चप्पल हातात घेऊन पळायचं. "किती पिक्चर पाहिलेस?" मी विचारलं. तू म्हणालीस, "लय. पन पुरा एक बी न्हाई."

आणि दुसऱ्या दिवशी खुरपायला गेलं की बायका विचारणार, मग काय झालं? तिथं 'मला माहीत नाही' म्हणून कसं भागेल? मग शेवट तू लावायचीस. त्याची रीतही तू मला समजावलीस. प्रत्येकीला एकेक पात, म्हणजे खुरपायची एकेक ओळ, आणि पिक्चर पातीएवढा बसला पाहिजे. शेताच्या या धुऱ्यावर, या बांधावर सुरू, त्या धुऱ्यावर शेवट. पात लांब असली तर गाणीसुद्धा सांगायची, आखूड असली तर मारामारी गाळायची. शेवट ऐकायचा म्हणून कुणी मागं राहत नसे. "मालक म्हनायचा, कौसे, रोज पिक्चर सांग, रान लवकर आटपतं." मी पोट धरून हसलो होतो. सिनेमाच्या लांबीवर मी कितीतरी जाणकारांशी वाद घातलेत. पातीचं माप एकानंही सांगितलं नव्हतं.

तुझी टीकाही तसलीच. एका गाजलेल्या गाण्यात नायिका कापसाच्या रानात नाचते, ते मला फार आवडतं. तू म्हणालीस, "ओटी बांधली न्हाई तिनं. वेचलेला कापूस ठेवती कुठं, डोक्यात?" मी म्हणालो, मावशी, ती वेचत नाहीये, प्रेमात आहे. "मग रानात कशाला आली? दुसऱ्याचा कापूस तुडवायला?" यावर आपला वाद झाला आणि तो तसाच राहिला. मला अजूनही ते गाणं आवडतं. पण आता प्रत्येक वेळी माझी नजर तिच्या कमरेला ओटी शोधते, हे मात्र तू बिघडवून ठेवलंस.

मग आला तो पिक्चर. त्याचं नाव तू कधी घेतलं नाहीस. तुझ्यासाठी तो पिवळ्या साडीवालीचा पिक्चर होता, म्हणून मीही तेच म्हणतो. नवरा रोज मारतो, एक दिवस ती ट्रंक उचलते आणि स्टेशनवर येऊन बसते. इथं तुझी गाडीची वेळ झाली होती. पुढचं तुझं. तुझी पिवळ्या साडीवाली रेल्वेत बसते, अनोळखी गावात उतरते, शिलाई शिकते, दुकान टाकते. वर्षा-दोन वर्षांनी नवरा शोधत येतो, म्हणतो माझा सदरा शिव. ती टेप त्याच्या गळ्याभोवती धरते, जरा आवळते आणि म्हणते, "मी बायांचंच शिवते." संपला पिक्चर. सांगताना तू स्वतःच्या गळ्याशी बोटं धरली होतीस.

आणि मी, शहाणा, मध्ये तोंड घातलं. "पण मावशी, खऱ्या सिनेमात ती मरते. त्याच स्टेशनवर, त्याच बाकावर."

तू गप्प झालीस. बराच वेळ. मग अगदी बारीक आवाजात विचारलंस, "खरंच मरती?"

मी हो म्हणालो. वर आणखी शेवटच्या दृश्यातला प्रकाश किती सुंदर आहे तेही सांगितलं. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. तू म्हणालीस, "मंग मी इतकी वर्सं बायांना भलतंच सांगितलं म्हन की." आणि पदर नीट केलास. मी माइक बंद करून म्हणालो, मावशी, लॅपटॉपवर आहे तो सिनेमा, शेवट दाखवू का? आता कुठं गाडी धरायचीय? तू उठून चप्पल घालायला लागलीस. "नको. मला गाडी हाय." दुपारचे दोन वाजले होते. मला वाटलं, दुखावलीस.

दारात थांबून तू सिंधूचं सांगितलंस. तुमच्यातच खुरपायला येणारी, तुझ्या लेकीच्या वयाची. नवरा तसलाच. पिवळ्या साडीवालीचा पिक्चर ऐकला त्यानंतर महिनाभरानं तिनं ट्रंक उचलली आणि जिंतूरला येऊन शिलाईच्या क्लासला बसली. आज बाजारात तिचं ब्लाउजचं दुकान आहे, माझ्या बायकोचेही तिथंच शिवले जातात. "ती त्या पिक्चरच्या भरवशावर निघाली बाबा. ते शेवटचं तेवढं काढून टाक. तिच्या कानावर नको."

मी म्हणालो, "बघतो."

आपल्याकडं 'बघतो' म्हणजे काय, ते तुला कळलंच असणार. मला तेव्हा वाटत होतं, खरं ते खरं. दिग्दर्शकानं केलेला शेवट तोच शेवट. शिवाय ती जागाच त्या भागाचा जीव होती. मी ती ठेवली. काढला तो फक्त तुझा गप्प राहण्याचा वेळ. ऐकणाऱ्याला वाटतं आवाज गेला, म्हणून लांब शांतता मी नेहमीच कापतो. तुझीही कापली, दोन सेकंदांवर आणली.

तो भाग लोकांनी डोक्यावर घेतला. माझा एवढा कुठलाच भाग कुणी ऐकला नव्हता. बसस्टँडवरचा पानवालासुद्धा म्हणाला, 'तुमची मावशी लय भारी.' एकानं लिहिलं, 'शेवट कळल्यावर मावशीचं तोंड बघायला पाहिजे होतं.' ते वाचलं. तुला फोन लावला. उचलला नाहीस. दुसऱ्या दिवशी, आठवड्यानं, परत आठवड्यानं. बबन म्हणायचा, "आई रानात हाय." रोज कसली बाई रानात असते? बायकोचे ब्लाउज आणायला मी सिंधूच्या दुकानात जायचो, तेही बंद केलं. बायको विचारायची, तिच्याशी भांडलास का? मी म्हणायचो, वेळ नाही.

येलदरीला यायचं म्हणून दोनदा निघालो. एकदा अर्ध्यातून परत फिरलो. का, तर तुझ्यासमोर उभं राहून काय बोलायचं ते सुचेना. माफ कर म्हणायला एवढी तयारी लागत नाही, हे आता कळतंय. दुसऱ्यांदा निघालो तेव्हा एक लग्नाचा फ्लेक्स आला आणि राहिलं. मग तुझाच आला.

तू दुपारी ओसरीवर आडवी झालीस आणि उठली नाहीस, असं बबननं सांगितलं. दुखणं नाही, दवाखाना नाही. सगळे म्हणत होते, सोनं झालं. माझ्या मनात मात्र एकच. ही बाई आयुष्यभर शेवट लावत आली, आणि शेवटी मी तिला सांगितलं की तुझा शेवट चुकला.

तेरवीला जायची लाज वाटत होती, पण गेलो. पंगतीत मान खाली घालून बसलो. वाढायला कोण आलं, तर सिंधू. पातेलं हातात, माझ्यासमोर थांबली. "दादा, जेवन झालं की मागं या. बोलायचंय." तुझ्या तेरवीचं जेवण मी पानात टाकून उठलो, तेवढं माफ कर.

तुझ्या घरामागं ज्वारीच्या बांधावर ती उभी होती. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "तुमी तो भाग टाकला, तो मी ऐकला." मी म्हणालो, ताई, माझं चुकलं. मावशीनं काढायला सांगितलं होतं. मी बघतो म्हणालो...

"मला ठावूक होतं की वो, ती मरती म्हनून."

मला आधी कळलंच नाही. ती सांगत गेली. ती क्लासला होती त्याच वर्षी तो पिक्चर जिंतूरला परत लागला. "मी गावातच राहायचे. मला कुठं पावनेसहाची गाडी धरायची व्हती? पुरा बघितला. ती मेली तवा मी खुर्चीतच बसून राहिले. डोअरकीपर म्हनला, बाई, उठा आता." रात्रभर तुझा राग राग आला तिला. सकाळी उठून ती क्लासला गेली. "तवर मशीनीवर पाय बसला व्हता माझा. पिक्चरमधली मेली म्हनून मी काय मशीन बंद करू?" आणि तुला तिनं कधीच सांगितलं नाही. मावशीला वाईट वाटेल, ती चुकून बोलली, तिला कुठं शेवट बघायला मिळाला. एवढी वर्षं तिनं ते पोटात ठेवलं.

माझा भाग ऐकून तिला वाटलं, आता तर मावशीला कळलंच, तर जाऊन तिची समजूत काढावी. आली तुझ्याकडं. सगळं सांगितलं. आणि तू म्हणे कपाळाला हात लावून हसायला लागलीस. थांबेचनास.

"कामून हसायलीस म्हनलं, तर म्हनली, सिंधे, मला बी ठावूक व्हतं."

पिक्चर पाहिलास त्याच संध्याकाळी, मावशी! तू चप्पल हातात घेऊन गाडीत चढलीस आणि कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता सांगितलं होतं, "मावशी, तो पिवळ्या साडीवालीचा का? मेली ना ती शेवटी." तू येलदरीपर्यंत खिडकीतून बाहेर बघत गेलीस. दुसऱ्या दिवशी तुझ्या शेजारच्या पातीत सिंधू होती, ओठ फुटलेला. "तिच्या तोंडाकडं बघून त्या बाईला मारू कशी मी?" असं तू तिला सांगितलंस म्हणे.

मी सिंधूला विचारलं, मग माइकसमोर मावशीनं असं का केलं? ठाऊक होतं तर 'खरंच मरती?' कशाला विचारलं?

सिंधूनं डोळे पुसले, हसलीही. "म्या बी तेच इचारलं. म्हनली, ह्या पोराचा काय भरवसा, काढंल न्हाई काढंल. तू ऐकशील कधीतरी. मी फसले असं वाटलं तर चालंल तुला. मी तुला फसवलं असं नको वाटायला."

मी बांधावर बसलो. मग विचारलं, माझा फोन का उचलला नाही तिनं? यावर सिंधूनं पदर तोंडावर धरला. "ते व्हय? म्हनली, तडफडू दे त्याला. बघतो म्हनला ना, आता बघू दे. हुरड्याला बोलवू, गरम कणसं हातावर देऊ, तवा सांगू." ज्वारीकडं बोट दाखवून म्हणाली, "वीस दिस कमी पडले बगा."

कणसं भरत आली होती. मी एक तोडून तळहातावर चोळलं. दुधाळ होतं अजून. तेवढ्यावरून तू मला चुकवून गेलीस. याचं वाईट वाटतंय, आणि लय राग येतोय तुझा. दोन महिने झोप नाही मला, आणि तू इकडं माझ्या नावानं कणसं राखून हसत होतीस! पण मावशी, छातीवरचा धोंडा उतरला. मी काही मोडलं नव्हतं. माझ्याच्यानं मोडण्यासारखं ते नव्हतंच. तुम्ही दोघींनी ते असं शिवून ठेवलं होतं की माझ्यासारख्याचा पाय त्यात अडकणं शक्य नव्हतं.

एक वाद मात्र अजून राहिला. दिग्दर्शकानं केलेला शेवट तोच खरा, असं मी म्हणत होतो. अजूनही म्हणेन, हट्टी आहे मी. पण जिंतूरच्या बाजारात तुझा शेवट दुकान उघडून बसलाय, त्याचं काय करू? पुढच्या आठवड्यात बायकोचे ब्लाउज आणायला मीच जाणार आहे.

निघताना सिंधूनं तुझा फोटो मागितला, दुकानात लावायला. म्हणाली, "कानावरचं ठेवा. तशीच छान दिसती." तो हेडफोनसकट छापून ठेवलाय.

आणि आज सकाळी शटर उघडायच्या आधी मी मागच्या खोलीत गेलो, गोधड्यांमध्ये बसलो आणि त्या दिवसाचं मूळ, न कापलेलं रेकॉर्डिंग काढलं. 'खऱ्या सिनेमात ती मरते' असं माझा शहाणा आवाज म्हणतो. मग तू. अकरा सेकंद. बाहेर बसस्टँडवरची घोषणा ऐकू येते, एकदा तुझ्या बांगड्या वाजतात, एकदा तू श्वास आत घेतेस आणि सोडत नाहीस. लोकांच्या अभिनयाला आठ वर्षं गुण वाटणारा माणूस तुझ्यापासून दोन हातांवर बसला होता, मावशी, आणि त्यानं ती जागा आवाज गेला समजून कापून टाकली होती.

ते अकरा सेकंद मी परत जोडले. भाग पुन्हा चढवला. गुणांच्या जागी काही लिहिलं नाही, माझ्या दहात ते बसत नाही. मग कानाला लावून एकदा शेवटचं ऐकलं. कंडक्टर ठाऊक होता, सिंधू ठाऊक होती, तुझं हसणंसुद्धा ठाऊक होतं. तरी तू बारीक आवाजात "खरंच मरती?" म्हणालीस आणि मी परत फसलो.